कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ब्रॉयलर सांभाळताना: खाद्याचं घड्याळ, पाणी, वारा आणि वळवाची संध्याकाळ

मार्च निम्मा सरला आणि शेडमध्ये पंचवीस दिवसांपुढचे पक्षी असले, की पोल्ट्रीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फॉगर, म्हणजे शेडमध्ये पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र, कोणतं बसवू? माझा उलटा प्रश्न असतो: खाद्याची भांडी सकाळी किती वाजता वर उचलता? बहुतेक ठिकाणी ती उचललीच जात नाहीत. जिथं उचलतात तिथं दुपारी बारा-एकला, ऊन डोक्यावर आल्यावर उचलतात. तोवर उशीर झालेला असतो.

पक्ष्याच्या अंगात काय चालतं हे कळलं, की वेळेचं महत्त्व पटतं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. अंगावरून वाहणारा वारा आणि चोच उघडून टाकलेली धाप, उष्णता बाहेर काढायच्या तिच्याकडच्या मुख्य वाटा याच. पोटात गेलेलं खाद्य पचतानाही उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर साधारण चार ते सहा तासांनी सगळ्यात जास्त असते. म्हणजे सकाळी दहाला पोटभर खाल्लेला पक्षी दुपारी दोन ते चार आतून तापतो, आणि पत्राही नेमका त्याच वेळी सगळ्यात जास्त तापलेला असतो. दोन किलोचा पक्षी दुपारी पटकन मान टाकतो आणि शेजारचा सडपातळ पक्षी तगतो, त्यात या दोन उष्णता एकाच वेळी गाठण्याचा मोठा वाटा असतो.

आधी नुकसान मोजा

उन्हाळ्यात मेलेले पक्षी दिसतात, वाया गेलेलं खाद्य दिसत नाही. धापणारा पक्षी खातो कमी आणि खाल्लेल्यातली ऊर्जाही धापण्यात खर्च करतो. अंग थंड करायला रक्त कातडीकडे वळतं, आतड्याकडे कमी जातं, त्यामुळे पचनही मंदावतं. पोती रिकामी होतात, पण काट्यावर वजन चढत नाही.

एक हिशेब मांडून बघा. दोन हजार पिल्लं टाकली, १,९२० पक्षी सरासरी २.२ किलोने उचलले, म्हणजे ४,२२४ किलो माल झाला. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य, १.७० असेल तर खाद्य लागलं सुमारे ७,१८१ किलो. तोच १.८५ वर गेला तर ७,८१४ किलो. फरक ६३३ किलोंचा, ५० किलोची जवळजवळ तेरा पोती. पोत्याचा आजचा भाव तुम्हाला ठाऊक आहे, तो लावून बघा. करारावर पक्षी पाळत असाल तर हाच फरक ग्रोइंग चार्जमधून, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या पालनाच्या मोबदल्यातून, कापला जातो.

शेवटच्या आठवड्यातली मर आणखी महाग. अडतिसाव्या दिवशी मेलेल्या पक्ष्याने साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खाल्लेलं असतं. अशा साठ पक्ष्यांबरोबर दोनशे दहा किलो खाद्य खड्ड्यात जातं. म्हणून उन्हाळ्यातली सगळी धडपड पंचविसाव्या दिवसापासून उचल, म्हणजे विक्रीसाठी पक्षी नेणं, होईपर्यंतच्या पक्ष्यांवर एकवटावी.

थर्मामीटर पक्ष्याच्या उंचीवर

तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारं साधं मीटर घ्या. ते पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर टांगा, एक शेडच्या मध्यावर आणि एक पश्चिमेच्या टोकाला. आपल्या डोक्याच्या उंचीवरचा आकडा पक्ष्याच्या कामाचा नाही. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, असे चार आकडे रोज वहीत लिहा. रात्री दहाचा आकडा लोक सोडून देतात. पण दिवसा साठलेली उष्णता पक्षी रात्रीच बाहेर टाकतो. रात्रही उकाड्याची गेली तर दुसऱ्या दिवशीची दुपार त्याला दुप्पट जड जाते.

तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात दमटपणाची टक्केवारी मिळवा. बेरीज १६० च्या आत असेपर्यंत पक्षी सांभाळून घेतो, त्यापुढे त्रास सुरू होतो आणि १७० च्या वर धोका असतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ३८ अंश म्हणजे १०० फॅरनहाइट आणि दमटपणा २५ टक्के असेल, तर बेरीज १२५ येते. वळीव पडून गेल्यावर ३१ अंश म्हणजे ८८ फॅरनहाइट आणि दमटपणा ८५ टक्के असेल, तर बेरीज १७३. माणसाला गारवा वाटत असतो तेव्हा पक्ष्याचा जीव जात असतो. ही बेरीज अगदी चढ्या तापमानाला मात्र फसवी ठरते. ३८ च्या पुढे पारा गेला की बेरीज काहीही सांगो, काळजी घ्यायचीच.

छप्पर आणि शेडभोवतीचा ऊस

पूर्व-पश्चिम शेड, पुढे आलेलं तीन-चार फुटी छप्पर, बुटकी बाजूभिंत हे बांधतानाच जमवायचं असतं. बांधून झालेल्या शेडला दोन गोष्टी करता येतात. पत्र्याला चुना द्या: दहा किलो भिजवलेला चुना, वीस लिटर पाणी आणि साधारण एक लिटर पांढरा डिंक, फेव्हिकॉलच्या जातीचा. डिंकाशिवाय पहिल्याच वळवात चुना वाहून जातो. होळीच्या आसपास दोन हात मारून घ्या. दुसरं म्हणजे उसाचा पाला. आपल्याकडे तो बांधाबांधावर पडलेला असतो. पत्र्यावर सहा इंच जाडीचा थर अंथरा आणि वरून जुनी जाळी किंवा सुतळी घट्ट ताणून बांधा, नाहीतर वावटळीत सगळा उडून जाईल. पाला ठेवाल तर शेडवर वेल्डिंगचं काम काढू नका, आणि शेजारच्या रानात पाचट पेटणार असेल त्या दिवशी पाइप घेऊन तिथं हजर राहा.

उसाचा तोटाही आहे. शिरोळ, हातकणंगले, करवीर भागातल्या कितीतरी शेडना तिन्ही बाजूंनी ऊस असतो. आडसाली ऊस एप्रिलमध्ये पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो, तो वारा अडवतो आणि पाट सोडला की आजूबाजूची हवा दमट करतो. शेडच्या लांब बाजूंना निदान तीस फूट पट्टा मोकळा ठेवता आला तर फॅनच्या खर्चाहून जास्त फायदा होतो. तिथं भाजीपाला किंवा लसूणघास चालेल. रान दुसऱ्याचं असेल तर लागणीच्या आधीच बोलून ठेवा. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या बाजूला दिवसाचा पारा पूर्वेइतका चढत नाही, पण डोंगराच्या कुशीतल्या शेडला वारा लागत नाही आणि मे महिन्यात दमटपणा लवकर वाढतो. तिथल्या माणसाने फॉगरपेक्षा फॅनवर पैसे घालावेत.

पक्ष्यांची संख्याही आत्ताच ठरवा. हिवाळ्यात एका चौरस फुटाला एक पक्षी चालतो. एप्रिल-मेमध्ये उचलायच्या लॉटला सव्वा फूट द्या, म्हणजे दोन हजार फुटांच्या शेडमध्ये सोळाशे. पिल्लं टाकताना हात आखडतो हे खरं, पण चारशे कमी टाकलेल्या पिल्लांचा हिशेब शेवटच्या आठवड्यातली मर आणि एफसीआर यांच्याशी घालून बघा. तुसाचा थर दोन इंच पुरे. तूस सकाळी लवकर हलवा, दुपारी अजिबात नको.

पाणी

पाच आठवड्यांचा पक्षी एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पितो. कडक उन्हात तेच चौपटीपर्यंत जातं, म्हणजे पक्ष्यामागे दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त. दोन हजार पक्ष्यांना फक्त प्यायलाच हजार लिटरच्या वर लागतं. हजार लिटरची एकच टाकी असेल आणि दुपारी वीज गेली, तर चार वाजेपर्यंत निपल (पाइपलाइनला लावलेल्या, चोच लावली की पाणी देणाऱ्या तोट्या) कोरडे पडतात.

उन्हात ठेवलेल्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. गरम पाण्याला पक्षी तोंड लावत नाही, आणि पाणी सुटलं की धाप टाकायला लागणारी ओल शरीरातच कमी पडते. टाकीवर छप्पर करा, तिला पांढरा रंग द्या, भोवती गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. टाकी ते शेड हा पाइप फूटभर जमिनीत पुरा. अकरा, एक आणि तीन वाजता लाइनच्या टोकाचा कॉक उघडून तापलेलं पाणी बाहेर काढा. फरशीएवढा बर्फ आणण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगी आहे.

निपलचं पाणी मोजायला बाटली पुरते. पक्ष्याचं वय आठवड्यांत घ्या, सातने गुणा आणि वीस मिळवा. एका मिनिटात निदान तेवढं मिलिलिटर पाणी यायला हवं. पाच आठवड्यांना ५५ मिलि. लाइनच्या शेवटच्या टोकाला मोजा, अडचण तिथंच असते. गोल भांडी वापरत असाल तर उन्हाळ्यात संख्या चतुर्थांशाने वाढवा.

इलेक्ट्रोलाइट देताना आधी आपलं पाणी कसं आहे ते बघा. पूर्वेच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी मचूळ असतं. त्यात मिठाची पुडी आणखी ओतली तर हगवण लागते आणि तूस ओलं होतं. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी तपासून घ्या. खायचा सोडा आणि व्हिटॅमिन सी एकाच बादलीत कालवू नका. एक अल्क आणि दुसरं आम्ल, दोन्ही वाया जातात. लस पाण्यातून द्यायची असेल तर ती पहाटे द्या, आणि त्या वेळी पाण्यात क्लोरीन किंवा औषध काही नको.

खाद्याचं घड्याळ

तीन आठवड्यांपर्यंतच्या पिल्लांना खाद्य कधीच बंद ठेवू नका. त्यांना उष्णता लागते आणि वाढीचा पाया तेव्हाच घातला जातो. पुढच्या पक्ष्यांसाठी माझी वेळ अशी आहे.

पहाटे चारला दिवे लावा, भांड्यांत खाद्य घाला आणि सगळीकडे ते पोचलंय याची खात्री करा. दिवसाच्या खाद्याचा निम्मा हिस्सा चार ते साडेनऊच्या दरम्यान पोटात जायला हवा. या वेळेत शेडमध्ये दोन-तीन फेऱ्या मारा, बसलेला पक्षी उठतो आणि खातो. साडेनऊ-दहाला भांडी दोरीने वर ओढून घ्या. नुसती रिकामी ठेवू नका; समोर रिकामं भांडं दिसलं की पक्षी तिथं घोटाळतो, चोच मारतो आणि उगाच तापतो. दुपारी शेडमध्ये फक्त पाणी. संध्याकाळी खाद्य परत कधी सोडायचं हे घड्याळावर न ठरवता मीटरवर ठरवा: आतला पारा ३२ च्या खाली आला आणि धाप थांबली की मगच. बहुतेक दिवशी सहाच्या सुमारास हे जमतं. मग रात्री साडेदहा-अकरापर्यंत दिवे ठेवून उरलेला निम्मा हिस्सा खाऊ द्या.

हे एकाच दिवसात करू नका. पहिल्या दिवशी दोन तास बंद, मग रोज तासाभराने वाढवत जा. एकदम आठ तास उपाशी ठेवलेला पक्षी भांडी खाली येताच तुटून पडतो, एकमेकांवर चढतो, पाठीवर ओरखडे पडतात आणि त्याच गर्दीत मर होते. यासाठी भांडी आधी वरच्या वर भरून ठेवा आणि सगळी एकाच वेळी खाली सोडा. एका टोकाकडून भरत गेलात तर सगळा लॉट त्या टोकाला धावतो.

दुपारी खाद्य बंद केलं तर वजन कमी भरेल, ही भीती मी नेहमी ऐकतो. भर दुपारी पक्षी तसाही फारसं खात नाही. जे खातो ते त्याला बाधतं. पहाट आणि रात्र नीट वापरली तर दिवसाची बेरीज जवळपास भरून निघते. फक्त पहाटे चारला उठायची तयारी हवी आणि त्या वेळी वीज नसेल तर बॅटरीवरचे दिवे हवेत.

नासधूस थांबवणं हा दुसरा भाग. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी दोरी वर घ्या. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून चोचीने उडून मोठा वाटा तुसात जातो. एक तृतीयांश भरलं तर नासाडी नगण्य राहते. संध्याकाळी भांड्याखालचं तूस मुठीत घेऊन बघा, दाणे दिसले की उंची चुकली आहे. पोती पत्र्याच्या भिंतीला टेकवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि मागवताना दोन आठवड्यांपुरतीच मागवा. उन्हाळ्यात खाद्यातलं तेल लवकर खवट होतं, आणि खवट खाद्य पक्षी ओळखतो.

खाद्यात काय असावं

कंपनीचं खाद्य येत असेल तर तुमच्या हातात फार काही नाही, पण सुपरवायझरला एक प्रश्न जरूर विचारा: उन्हाळ्याच्या खाद्यात निकार्बाझिन आहे का? हे कॉक्सीवरचं (आतड्याच्या कॉक्सिडिओसिस रोगावरचं) औषध चांगलं आहे, पण ते असताना पक्ष्याची उष्णता सोसायची ताकद कमी होते. मार्च ते मे त्याऐवजी दुसरं औषध असलेलं खाद्य मागा.

स्वतः खाद्य बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पचताना प्रथिनं सगळ्यात जास्त उष्णता देतात आणि तेल सगळ्यात कमी. म्हणून सोयापेंड थोडी उतरवा, लायसिन-मिथिओनिन ही अमिनो आम्लं वरून पूर्ण करा आणि ऊर्जेचा काही भाग मक्याऐवजी तेलातून द्या. पक्षी कमी खाणार हे धरून जीवनसत्त्वं आणि खनिजं मात्र वाढवावी लागतात. व्हिटॅमिन सी किलोला २०० ते २५० मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. नेमका फॉर्म्युला पशुवैद्यकाकडून किंवा पशुआहार तज्ज्ञाकडून तपासून घ्या. लेयर (अंड्यांच्या कोंबड्या) असतील तर चुनखडीचे जाड खडे संध्याकाळच्या खाद्यात द्या; कवच रात्री बनतं, आणि धापण्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन उन्हाळ्यात ते मुळातच पातळ पडतं.

फॅन, फॉगर आणि वळीव

वारा हे पहिलं साधन, पाणी दुसरं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडचा असतो, त्यामुळे फॅन शेडच्या लांबीत, पश्चिमेकडून पूर्वेकडे हवा ढकलतील असे बसवा. जमिनीपासून तीन-चार फुटांवर, किंचित खाली झुकवून. हवा पक्ष्याच्या पाठीला लागली पाहिजे; छताशी फिरणारा पंखा वरची तापलेली हवा खाली आणतो. जाळीवरची कोळिष्टकं आणि धूळ झाडून घ्या, अर्धा वारा तिथंच अडतो.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी फॉगर उत्तम चालतो. तुषार इतके बारीक हवेत की ते खाली पडायच्या आधी हवेतच विरतील. दोन मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, आणि सोबत फॅन कायम चालू. तूस ओलं लागलं की तुषार जाड आहे किंवा वेळ जास्त झाली. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर गेला की फॉगर बंद, मग पारा कितीही असो. हवेत पाणी मुरायला जागाच उरली नसेल तर पक्ष्याच्या धापेतलं पाणीही विरत नाही, आणि आपण भर घालून त्याची वाट बुजवतो. पश्चिमेच्या बाजूला ओली गोणपाटं लावाल तर भिंतीपासून फूटभर लांब, आणि वरचा भाग हवेला मोकळा ठेवून.

आता वळीव. दुपारभर तापून चार-पाचला आभाळ भरतं, वारा थांबतो, मग वावटळ, गारा, पाऊस आणि लगेच वीज गायब. याच तासाभरात सगळं एकदम उलटतं: दमटपणा पंचवीस-तीसवरून ऐंशीच्या वर जातो, फॅन बंद पडतात, आणि तूस भिजू नये म्हणून माणूस चारही बाजूंचे पडदे खाली सोडतो. बंद शेडमध्ये तापलेल्या पत्र्याखाली पक्षी गुदमरतात. एका संध्याकाळीत होणारी मोठी मर बहुतेक अशीच होते.

म्हणून आभाळ भरलं की क्रम हा: फॉगर ताबडतोब बंद. खाद्य खाली सोडायची वेळ झाली असली तरी थांबा. पाऊस ज्या बाजूने मारतोय फक्त त्याच बाजूचा पडदा सोडा, तोही वर हातभर फट ठेवून. वीज जाण्याची वाट न बघता जनरेटर तयार ठेवा. डिझेल, बॅटरी आणि पट्टा दर सोमवारी पाच मिनिटं चालवून बघा. पावसानंतर गार वाटलं तरी मीटर बघा, दमटपणा उतरेपर्यंत फॅन चालू राहू द्या. थोडं तूस भिजलं तर उद्या बदलता येतं.

पक्षी लोळायला लागले तर

पंख पसरून, मान ताणून, डोळे मिटून बसलेले पक्षी दिसले की एक माणूस शेडमध्ये हळूहळू फिरता ठेवा. पक्षी उठला की पोटाखाली कोंडलेली उष्णता सुटते आणि तो पाण्याकडे जातो. पळवू नका, हाकारे घालू नका. फॅन चालू असेल तर पंपाने पक्ष्यांच्या अंगावर, विशेषतः डोक्यावर, पाणी मारा; वाराच नसेल तर अंग भिजवून फायदा होत नाही. लाइन रिकामी करून ताजं गार पाणी सोडा. मेलेले पक्षी लगेच बाहेर काढा आणि चुना टाकून खड्ड्यात पुरा. सकाळच्या गारव्यातही मर चालू असेल, हिरवी हगवण किंवा माना वाकड्या दिसत असतील, तर तो उन्हाचा त्रास समजून थांबू नका. ताजा मेलेला पक्षी पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, राणीखेत हा साथीचा रोग उन्हाळ्यातही येतो.

उचल

वजन भरलं की उन्हाळ्यात थांबू नका. दोन किलोवरचा पक्षी आठवडाभर आणखी ठेवून मिळणारं वजन आणि एका वाईट दुपारची मर यांचा हिशेब क्वचितच आपल्या बाजूने बसतो. कंपनीला लॉटचे निम्मे पक्षी आधी उचलायची विनंती करा, उरलेल्यांना जागा होते. उचल रात्री दहानंतर, निळ्या किंवा मंद उजेडात. आठ-दहा तास आधी खाद्य बंद करा, पाणी मात्र पकडायला सुरुवात होईपर्यंत ठेवा. क्रेटमध्ये एरवीपेक्षा दोन-तीन पक्षी कमी भरा. कोकणात किंवा गोव्याकडे जाणारी गाडी सूर्य उगवायच्या आधी घाट उतरलेली असावी. घाटाखाली दमटपणा जास्त, आणि चहासाठी उभ्या केलेल्या गाडीत मधल्या क्रेटना वाराच लागत नाही. चालकाला निघतानाच सांगा: थांबायचंच असेल तर झाडाखाली, आणि पाच मिनिटांच्या वर नको.